बाबाचे खांदे

माझा बाबा मॉडेल आहे असं मी वर्गात सांगितलं, तेव्हा मधल्या सुट्टीत निम्म्या मुली माझ्या बाकाभोवती गोळा झाल्या.

"कुठल्या जाहिरातीत असतो गं?"

"कुठल्याच नाही."

"मग रॅम्पवर चालतो?"

"छे! रॅम्पवर विशीतली काटकुळी पोरं चालतात, नुकताच कुणीतरी अपमान केल्यासारखा चेहरा करून. माझ्या बाबाला पुढून टक्कल आहे आणि तो घरातल्या घरात चालतानाही पायपुसण्याला अडखळतो."

"मग मॉडेल कसला, डोंबलाचा?"

हे समजावून सांगायला मला भारी आवडतं. गेल्या वर्षापर्यंत चारचौघांत माझं तोंड उघडत नव्हतं, आता ते बंद होत नाही, त्यामुळे घंटा होईपर्यंत मीच बोलत होते. पुरुषांचे महागडे कोट जिथे तयार होतात, तिथे कोट आधी कागदावर असतो, मग कापडात येतो. पण तो कोट झालाय की पोतं, हे कळायला एक जिवंत माणूस लागतो. पुतळ्यावर सगळंच छान बसतं, कारण पुतळा हात वर करत नाही, खुर्चीत बसत नाही आणि शिंकत नाही. माझा बाबा हे सगळं करतो. अर्धवट शिवलेला कोट घालून तो मधोमध उभा राहतो. सर, म्हणजे ज्यांच्या नावाने ते कोट विकले जातात ते डिझायनर, त्याच्याभोवती एक चक्कर मारतात आणि म्हणतात, "राजे, बोला."

मग बाबा बोलतो, आणि ते ऐकण्यासारखं असतं. "कॉलर कानगोष्ट सांगायला आल्यासारखी मानेला चिकटतेय." "डावी बाही रुसलीय." "पाठीत कुणीतरी हात ठेवून ढकलतंय, पण प्रेमाने." मास्तर, म्हणजे तिथले कटिंग मास्तर, तो बोलेल तिथे खडूची रेघ ओढतात. कापडाला तोंड नसतं म्हणून राजेंना पगार आहे, असं सर म्हणतात.

आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे बेस. जाड तपकिरी पुठ्ठ्याचे तुकडे असतात, पाठीचा, छातीचा, बाहीचा, भोक पाडून हुकाला टांगलेले. सरांचा प्रत्येक कोट त्या पुठ्ठ्यांवरून निघतो. कधी लांबी वाढवतात, कधी लेपल, म्हणजे कॉलरची छातीवर उलटलेली पट्टी, रुंद करतात, पण मूळ तेच. आणि ते मूळ म्हणजे माझ्या बाबाचं अंग.

"आत्ता या क्षणी," बाबा कधीतरी जेवताना मध्येच म्हणायचा, "कुठलातरी श्रीमंत गृहस्थ कुठल्यातरी लग्नात मिरवतोय, आणि माझ्या खांद्यांत मिरवतोय. लेकाला पत्ताही नाही."

"आणि इथे खांद्यांचा मालक ताट उचलायला विसरतो," आई म्हणायची.

आता तो जुना बेस बाद होणार होता. तो काढला तेव्हा पुरुषांना अंगाला चिकटलेले कोट हवे होते. इतके की बाबाला कोट घालून बुटाची नाडी बांधता यायची नाही, मास्तर खाली बसून बांधून द्यायचे. आता सगळं सैल. खांदा खाली ओघळलेला, पँट चुण्यांची आणि घेरदार, अस्तर नाही, रंग राखेचा नाहीतर ओल्या मातीचा, आणि नाव तर कुठेच नाही, आतून शोधलं तरी. ज्याला कळतं त्याला कळावं आणि बाकीच्यांना तो नुसता कोट वाटावा, ही म्हणे आताची श्रीमंती.

"ढगळच तर आहे, मग माप कशाला?" मी एकदा विचारलं.

मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "रेडिओ, घट्ट कोट माणसाला सगळीकडून धरून असतो. ढगळ कोट फक्त खांद्यावर उभा असतो. खांदा चुकला, की माणूस खुंटीला टांगल्यासारखा दिसतो."

रेडिओ म्हणजे मी. शाळा सुटली की मी सरांच्या वर्कशॉपमध्येच जायची, लांब टेबलाच्या टोकाला बसून गृहपाठ करायची आणि तोंडाने सगळ्यांच्या कामात लुडबुड करायची, म्हणून ते नाव.

तर नवा बेस निघणार होता आणि तो बाबाच्याच अंगावरून निघणार हे ठरलेलं होतं. नेमकं तेव्हाच बाबाचं अंग उतरायला लागलं.

आधी पट्ट्याला एक नवं भोक पडलं. मग पोटात दुखतं म्हणून एक डॉक्टर झाले, त्यांनी दुसऱ्यांकडे पाठवलं, मग तपासण्या झाल्या, आणि मग आई-बाबा दार लोटून हळू आवाजात बोलायला लागले. आई औषधांच्या दुकानात काम करते. गोळ्यांची नावं वाचूनच तिला सगळं कळतं, त्यामुळे तिला खोटं सांगून धीर देणारं कुणीच नव्हतं. मला तिने एका संध्याकाळी भांडी घासताना सांगितलं. "हे बरं होण्याचं औषध नाही. लांबवण्याचं आहे." आणि नळ एकदम मोठा सोडला.

बाबाला मात्र एकाच गोष्टीची काळजी होती. "बेस निघेपर्यंत तिथे कुणाला कळता कामा नये."

"वेडा आहेस का तू?" आई म्हणाली. "अंगात त्राण नाही आणि तासन् तास उभा राहणार? कुणासाठी?"

"तो बेस निघाला की पुढे कितीतरी वर्षं त्याच्यावरूनच कोट निघतील. मी असलो नसलो तरी."

आई उठून आत गेली. मी अर्थातच बोलले.

"बाबा, मी तुला भरून काढते!"

शाळेत शिवणाच्या तासाला मी केलेली उशी बाईंनी दुसऱ्या तुकडीत नेऊन दाखवली होती, त्यामुळे मी तेव्हा हवेतच होते. जगात आपल्याला शिवता न येण्यासारखं काहीच नाही असं वाटत होतं. मी बाबाचा एक घट्ट बनियन घेतला आणि त्याला स्पंजचे पातळ थर लावायला बसले. खांद्याला जाड, पाठीला त्याहून कमी, दंडाला अगदी नावाला. कडा उतरत्या कापल्या, म्हणजे वरून हात फिरवला तरी पायरी लागत नाही. ही युक्ती मला मास्तरांनीच शिकवलेली. त्यांच्याच विद्येने त्यांना गंडवायचं, या कल्पनेने मला गुदगुल्या होत होत्या. बाबाला स्वतःची जुनी मापं तोंडपाठ होती. तो म्हणत गेला, मी टेप लावत गेले, थर वाढवत गेले, आणि शेवटी सगळं जुळलं.

बनियनवर शर्ट घालून तो आरशासमोर उभा राहिला. डावीकडे वळला. उजवीकडे वळला.

"अरेच्चा," तो म्हणाला. "हा तर मी."

आई दारात येऊन उभी राहिली होती. ती आधी फस्सकन हसली. मग हसता हसता तिने पदर तोंडाला लावला आणि तिथून गेली.

पहिल्या ट्रायलला मी भूगोलाचा नकाशा पुढ्यात धरून बसले होते. कुणाला काही कळलं नाही. सरांनी एवढंच विचारलं, "राजे, गाल का बसलेत?"

"दाढ काढली, सर."

"वाटलंच. बाकी मानलं तुम्हाला. लोक सुटतात, वाळतात, तुम्ही जसेच्या तसे!" सरांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. माझ्या स्पंजवर! मला टेबलावर चढून नाचावंसं वाटलं. घरी येताना बाबा आणि मी बसमध्ये शेजारी बसून उगाचच हसत होतो. खिडकीकडे तोंड करून तो म्हणाला, "रेडिओ, तू मला परत आणलंस गं."

अशा बऱ्याच ट्रायली झाल्या. तो रोज थकून यायचा, बनियन काढल्यावर खाली ओला, हडकुळा बाबा निघायचा आणि तसाच आडवा व्हायचा. दर काही दिवसांनी मला नवा थर चढवावा लागायचा. मी तो लावायची आणि त्यावर बोलायची नाही. माझ्या बाबतीत हे जरा जास्तच होतं.

मग ती टाचणीची गोष्ट झाली.

राखेच्या रंगाचा कोट होता. बेससाठीचा शेवटचा. मास्तर खांद्याची शिवण टाचत होते, सर त्यांना मागून काहीतरी विचारत होते, आणि मास्तर मान वळवून उत्तर देता देता टाचणी दाबत राहिले. लांब टाचणी, निळ्या मण्याची. मी समोरच होते. मण्यापर्यंत ती बाबाच्या खांद्यात गेली.

बाबा हसत उभा होता.

"राजे, बोला," सर म्हणाले.

"छान आहे. खांदा मोकळा वाटतो."

मास्तरांचा हात जागच्या जागी थांबला. त्यांनी हळूच टाचणी बाहेर काढली आणि तिचं टोक बघितलं. कोरडं होतं. मग त्यांनी बाबाकडे बघितलं आणि नंतर सरळ माझ्याकडे. मी नकाशात डोकं घातलं. टाचणी मास्तरांनी योग्य जागी लावली.

सर खुशीत होते. "झालं तर मग. परवा पुठ्ठे कापू."

बसमध्ये मला राहवेना. "बाबा, तुला टाचणी टोचलीच नाही."

"कुठली टाचणी?"

"खांद्यात. अख्खी गेली होती."

त्याने उजवा खांदा चाचपला, मग डावा. कुठे ते त्याला सापडेना. दोन थांबे गेले तरी तो चाचपतच होता.

"मला बरेच दिवस काहीच कळत नाहीये गं," तो शेवटी म्हणाला. "कोट अंगावर आहे की नाही हेसुद्धा. मी आपला अंदाजाने बोलतोय. छान, मोकळं, बरं. तू ऐकलंस ना?"

ऐकलं होतं. कानगोष्ट सांगणारी कॉलर, रुसलेली बाही, सगळं कधी बंद झालं ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

"मग काय बिघडलं? मापं तर बरोबर आहेत!"

"मापं बरोबर आहेत. पण स्पंज दबतो, हाड दबत नाही. त्याच्यावरून बेस निघाला तर कोट कुणालाच नीट बसायचा नाही. घालणाऱ्याला सारखं काहीतरी खुपत राहील आणि काय खुपतंय ते कळायचं नाही."

"खुपू दे!" मी एवढ्या जोरात म्हणाले की पुढच्या बाकावरच्या आजींनी मागे वळून बघितलं. "खुपलं तर खुपलं, पण तो तुझा बेस असेल ना बाबा!"

"नसेल ना. तेच तर म्हणतोय." त्याने माझा हात हातात घेतला. "तो तुझ्या उशीचा असेल."

त्यानंतर घर येईपर्यंत रेडिओ बंद होता.

पुठ्ठे कापायचे त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळी मी बनियन घेऊन उभी राहिले, तर बाबाने तो घडी करून पिशवीत टाकला आणि नुसता शर्ट चढवला. मी विनवण्या केल्या, रडले, शेवटी चिडून म्हणाले, "मग मी रात्र रात्र जागून थर कशाला लावले?" आईने मला बाजूला केलं. "जाऊ दे त्याला," ती म्हणाली, आणि तिने त्याच्या शर्टाची बटणं लावून दिली. वरचं बटण लावलं तरी गळ्यापाशी मूठभर जागा उरत होती.

वर्कशॉपमध्ये पडद्यामागून बाबा राखेच्या रंगाचा कोट घालून बाहेर आला. खांद्याच्या शिवणी दंडापर्यंत घसरल्या होत्या, बाह्यांतून फक्त बोटं दिसत होती. एक मशीन थांबलं, मग दुसरं, मग सगळीच.

"हे काय? कुणाचा कोट घातलात?" सर म्हणाले.

"कोट तोच आहे," मास्तर म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

बाबाने पिशवीतून बनियन काढून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं, आजाराचं नावसुद्धा. सरांनी बनियन उचलला, उलटा केला, माझे टाके बघितले आणि मांजराचं पिल्लू ठेवावं तसा सांभाळून परत ठेवला.

"मला सांगायचं होतंत, राजे."

"सांगितलं असतं तर?"

काय उत्तर असणार होतं ते खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. नव्या कोटांचा शो तोंडावर आला होता. बेस बाबासाठी थांबू शकत नव्हता.

मग मी उभी राहिले. "सर, तुमच्याकडे याची सगळी मापं आहेत ना? त्या मापांचा पुतळा करून घ्या! नाहीतर जुने पुठ्ठे आहेत, तेच सगळीकडून वाढवा. खांदा याचा, फक्त घेर नवा. आणि नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी कोट घालायला द्या आणि बोलायला याला ठेवा." माझा आवाज अजिबात कापत नव्हता. वक्तृत्व स्पर्धेत बोलले त्याहून चांगलं बोलत होते मी. सगळे शांतपणे ऐकत होते, आणि त्यांच्या ऐकण्यावरूनच मला कळत गेलं की याचा काही उपयोग नाहीये. इतकं चांगलं बोलूनही काही होत नाही, असं आधी कधी झालं नव्हतं.

"जुना पुठ्ठा घट्ट कोटाचा आहे. वाढवला की वाकडा होतो," मास्तर म्हणाले. "आणि मापं आहेत गं बाळा. पण मापं बोलत नाहीत." त्यांनी मला बाळा म्हटलं, तेव्हा मी खाली बसले.

बाबा अजून कोट घालून तसाच उभा होता. "सर," तो म्हणाला, "आज एकदा विचारा ना. नेहमीसारखं."

सरांना ते जड गेलं. "राजे, बोला."

बाबाने डोळे मिटले.

"जड आहे," तो म्हणाला. "उजवीकडे जास्त. कॉलर लांब उभी राहिलीय, परक्या माणसासारखी. पाठीत नुसता वारा फिरतोय. बाही हाताची वाट बघून झोपी गेलीय." मग तो थोडा थांबला. "आणि खांदा मला शोधतोय."

मास्तरांनी सवयीने खडू पुढे केला होता. कुठे रेघ ओढायची ते त्यांना कळेना. त्यांनी खडू खिशात टाकला आणि स्वतः पुढे होऊन बाबाच्या अंगातून कोट काढून घेतला.

नवा बेस एका पोहायला शिकवणाऱ्या गृहस्थांच्या अंगावरून निघाला. बाबा एकदा तिथे गेला होता, त्यांना बोलायला शिकवायला. परत आला तो पायऱ्यांवर दोनदा बसत बसतच. "भला माणूस आहे," तो म्हणाला. "खांदे तर असे, की बघत राहावं. फक्त काहीही विचारलं की बरं वाटतंय म्हणतो. पाण्यात राहून सवय नसेल बोलायची." आई हसली. मला त्या गृहस्थांचा राग राग येत होता.

शो झाला. फोटो आले. कोट सुंदर होते, ते कबूल करावंच लागेल. मोठमोठ्या खांद्यांचे, शांत, ओघळते. मी एकेक फोटो मोठा करून बघितला. त्यात बाबा कुठेच नव्हता. बाबाने फोन हातात घेऊन फक्त एकदा बघितलं आणि म्हणाला, "बघ, पाठ किती छान पडलीय." आणि भिंतीकडे वळून झोपला.

पुढच्या आठवड्यात मास्तर घरी आले. त्यांनी एक कापडाचा तुकडा आणला होता, मऊ, फिकट निळा. "उरलेला आहे," म्हणाले. कापणारा माणूस नवीन ताग्यातल्या तुकड्याला उरलेला म्हणतो तेव्हा आपण समजून घ्यायचं असतं. ते गेल्यावर बाबाने मला बोलावलं.

"शर्ट शिवशील? पण ढगळ नको हं. फॅशन ढगळ असेल तर असू दे. मला माझ्या मापाचा हवा. आत्ताच्या."

त्याआधी मी त्याला किती वेळा टेप लावली होती, पण तेव्हा मी हरवलेलं अंग मोजत होते. आता जे होतं ते मोजायचं होतं. छातीभोवती टेप फिरवताना फासळ्या एकेक करून बोटांना लागत होत्या. आकडा मी मनात वाचला.

"मोठ्याने सांग," बाबा म्हणाला. "मास्तर नेहमी मोठ्याने सांगतात."

मी मोठ्याने सांगितला. त्याने मान डोलावली, दुसऱ्या कुणाचं तरी माप असल्यासारखी.

शर्ट कापला, कच्चा शिवला, पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टाके घालून. पक्की शिलाई मारण्याआधी त्याला घातला. छान बसला. दोन दिवस माझी चाचणी परीक्षा होती, शिलाई राहून गेली. तिसऱ्या दिवशी घातला तर पाठीत सैल. मी टाके उसवले, आत घेतलं, पुन्हा घातले. आठवड्याने पुन्हा सैल. पुन्हा उसवलं. मी कितीही भराभर शिवलं तरी तो माझ्या पुढेच जात होता. मग मी घरच्या मशीनवर कव्हर घातलं. पक्की शिलाई मारलीच नाही. मारली असती, तर हा अमुक मापाचा आणि याच मापावर थांबलेला, असं काहीतरी झालं असतं, आणि ते मला नको होतं. बाबानेही कधी विचारलं नाही. तो तसाच घालायचा, खांद्यावर आणि कडेला पांढरे टाके मिरवत.

हॉस्पिटलमध्ये जाताना त्याने तोच घातला. आता तो तिथेच आहे, खिडकीजवळच्या खाटेवर. शाळा सुटली की मी तिकडेच जाते आणि गृहपाठ पायथ्याशी बसून करते. काल सलाइन बघायला आलेल्या सिस्टर थबकल्या.

"हे काय काका, दोरे बाहेर? ही कसली फॅशन?"

"पुढच्या सीझनची," बाबा म्हणाला. आवाज अगदी बारीक होता, पण ऐटीत. "अजून बाजारात आली नाहीये. कुणाला सांगू नका."

सिस्टर खळखळून हसल्या, मीही हसले. त्या पुढच्या खाटेकडे गेल्यावर बाबाने डोळे मिटले. मला वाटलं झोपला.

"रेडिओ," तो म्हणाला. "डावा खांदा उतरलाय गं. उद्या येशील तेव्हा सुई आण."

"उद्या कशाला?" मी म्हणाले. सुई माझ्या दप्तरातच होती. मी पडदा ओढून घेतला, त्याला अलगद कुशीवर वळवलं आणि जुने टाके उसवायला घेतले.